निळ्या काठाची साडी आणि आमचा निळा झेंडा

कोलकात्याच्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' या कॅथलिक सिस्टरांच्या संस्थेला ७ ऑक्टोबर २०२५ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी रोमची मान्यता घेऊन मदर तेरेसा यांनी अवघ्या डझनभर सिस्टरांनिशी ही संस्था उभी केली. आज तिच्या सिस्टरांची संख्या पाच हजारांच्या वर आहे आणि शंभराहून अधिक देशांत त्यांची घरे आहेत. निळ्या काठाची पांढरी सुती साडी ही त्यांची जगभरची ओळख. ती साडी कोण विणते हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कोलकात्याजवळच्या टिटागढ येथे सिस्टरांचे कुष्ठरुग्णांसाठीचे केंद्र आहे, तिथली कुष्ठरोगातून उठलेली माणसे मागावर बसून ही साडी विणतात. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नाही, त्यांच्या हातचे कापड रोज अंगावर घालायचे, यातला अर्थ आंबेडकरी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही आमच्या चळवळीत या सिस्टरांविषयी बोलायचे म्हटले की दोन टोकाचे सूर निघतात. एक सूर म्हणतो, या बाया म्हणजे साक्षात करुणा, त्यांच्यावर टीका करणे पाप. दुसरा म्हणतो, हे सगळे धर्मांतराचे दुकान आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? पहिला सूर भाबडा आहे. दुसरा सूर आमचा नाहीच. तो नागपूरच्या रेशीमबागेतून उसना आणलेला आहे आणि आमच्यातल्या काही मंडळींनी तो नकळत तोंडी घेतला आहे. आम्ही या दोन्हींच्या बाहेर उभे राहून या पंचाहत्तर वर्षांकडे पाहणार आहोत.

१९५० हे साल नीट लक्षात घ्यावे. त्या वर्षी मे महिन्यात कोलकात्याच्याच महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. आमचे वक्ते या लेखातला बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांच्या तुलनेचा भाग व्यासपीठावरून हमखास सांगतात. लेखाचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. त्यात बाबासाहेबांनी त्या काळच्या भिक्खूंना झोडपून काढले आहे. यांच्यापाशी ना विद्या आहे ना सेवा, असा त्यांचा रोकडा आरोप आहे. दुःखी माणसाच्या सेवेचा विषय निघाला की लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ कुणालाच आठवत नाही, ही खंत त्यांनी तिथे नोंदवली आहे. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी हाच प्रश्न ठेवला की भगवंताने भिक्खू निर्माण केला तो कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजाचा सेवक घडवण्यासाठी? नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराच्या कामाचा नाही, असे त्यांचे उत्तर आहे.

बाबासाहेबांनी हे लिहिले मे महिन्यात. त्याच वर्षी, त्याच कोलकाता शहरात, ऑक्टोबरमध्ये एका परदेशातून आलेल्या बाईने नेमके तेच काम दुसऱ्या धर्माच्या नावाने सुरू केले. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे आम्ही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी आमच्या संघाकडे जे मागितले ते दुसऱ्यांच्या संघाने करून दाखवले, आणि आमच्या संघाने अजून ते पुरते केलेले नाही, हे कबूल करायला जीभ अडखळू नये.

आणि सेवा ही काही ख्रिस्ती मक्तेदारी नव्हे. विनयपिटकात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता, आणि बाकीच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्या भिक्खूला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला सुनावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. येशूच्या जन्माआधी काही शतके हे घडले आहे. आमच्या विहारांतून हा प्रसंग भिंतीवर रंगवलेला किती ठिकाणी दिसतो?

आता १९५० सालचीच तिसरी गोष्ट, आणि ती आम्हा वकिलांच्या जिव्हाळ्याची आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या दोन महिने आधी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने सांगितले की हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. १९५६ सालीच आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, आणि या परिच्छेदाचा वरवंटा आमच्यावर चौतीस वर्षे फिरला. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या हे खरे, पण केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना नांदेडच्या पोराला 'बौद्ध' लिहू की 'हिंदू महार' लिहू, हा प्रश्न पडतच राहिला. कागदावर हिंदू आणि घरात बौद्ध अशी दुहेरी जिंदगी आमच्या दोन पिढ्यांनी काढली. १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारने दुरुस्ती केली तेव्हा कुठे ती संपली. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांची ती आजही संपलेली नाही. १९८५ साली सुसाई या तामिळनाडूतल्या ख्रिस्ती झालेल्या चांभाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. धर्मांतरानंतरही जातीचे तेच चटके बसतात याचा पुरावा द्या, असे म्हणून न्यायालयाने त्याला परत पाठवले. २००७ साली न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने हा तिसरा परिच्छेदच काढून टाका असे सांगितले, तो अहवाल धूळ खात पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला, त्यालाही मुदतवाढ द्यावी लागली. दर्जा नाही म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचे कवचही नाही. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ साली एका पास्टरच्या प्रकरणात हेच सांगितले.

या प्रश्नावर मदर तेरेसा कुठे उभ्या होत्या? नोव्हेंबर १९९५ मध्ये दिल्लीत दलित ख्रिश्चनांच्या आरक्षणाच्या मागणीसाठी झालेल्या प्रार्थनेच्या कार्यक्रमात त्या सामील झाल्या. देशभर गदारोळ उठला, आणि मग कार्यक्रम आरक्षणासाठी होता हे आपल्याला ठाऊक नव्हते, असा खुलासा त्यांच्याकडून आला. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. फूटपाथवर मरायला टेकलेल्या दलिताला उचलून त्याचे अंग धुवायला ज्या हातांना कधी किळस आली नाही, त्या हातांना त्याच दलिताच्या हक्काचा कागद हाती धरवेना. मेलेल्याला माती मिळाली, जगणाऱ्याला दाखला मिळाला नाही.

माणूस फूटपाथवर का आला, त्याची जमीन कुणी घेतली, त्याला वेशीबाहेर कुणी ठेवले, हा प्रश्न या संस्थेने कधी विचारला नाही. दुःख ही ईश्वराची देणगी मानली की दुःखाचे कारण शोधायची गरज उरत नाही. तथागतांनी दुःख सांगितले त्याबरोबर दुःखाचे कारणही सांगितले आणि ते नाहीसे करण्याचा मार्गही सांगितला, हा फरक आहे. कालीघाटच्या 'निर्मल हृदय' या १९५२ साली सुरू झालेल्या मरणासन्नांच्या घराबद्दल १९९४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी स्वतः पाहून लिहिले होते. तिथे माया आहे, पण रोगनिदानाची शिस्त नाही आणि वेदनाशामक औषधांची वानवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रीच्या प्रश्नावर तर आमचे त्यांच्याशी मुळीच जमत नाही. १९७९ साली नोबेल स्वीकारताना मदर तेरेसांनी गर्भपात हाच शांततेचा सर्वांत मोठा शत्रू ठरवला. त्याच्या एक्केचाळीस वर्षे आधी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा ठराव आणला होता. बाबासाहेबांनी तयार केलेले ते भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले. ठराव पडला, पण गरीब बाईच्या कुशीवर हक्क तिचाच, ही आमची भूमिका तेव्हापासूनची आहे.

कुष्ठरोग्याचेच उदाहरण घ्या, म्हणजे सेवा आणि हक्क यांतला फरक लख्ख दिसेल. सिस्टरांनी त्यांच्या जखमा धुतल्या, बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. पण कायद्याच्या पुस्तकात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत जिवंत होते. इंग्रजांचा १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ साली रद्द झाला. ओडिशात निवडून आलेल्या एका लोकप्रतिनिधीला कुष्ठरोग आहे म्हणून अपात्र ठरवले गेले, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. रोग औषधाने बरा होतो हे सिद्ध होऊन कित्येक वर्षे लोटली होती तरी! जखम धुणाऱ्यांना संत म्हणतात, कलम बदलायला सांगणाऱ्यांना वितंडवादी म्हणतात. दोघांचीही गरज असते.

मराठवाड्याने तर हे एकाच वर्षात पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली झोपेतच गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९९३ रोजी, नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. भूकंपग्रस्ताला आधी ब्लँकेट लागते, भाकरी लागते, पोरके झालेले लेकरू कुणीतरी कडेवर घ्यावे लागते. नामांतर मागणाऱ्याला ब्लँकेट देऊन भागत नाही. किल्लारी परिसरातली बाराशेच्या आसपास मुले भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेली, सांभाळली, शिकवली. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण पोचीराम कांबळेंच्या रक्ताचा हिशेब कुठल्याही सेवाभावी संस्थेच्या वहीत बसत नाही, तो आमच्याच वहीत मांडावा लागतो.

एवढी टीका केल्यावर कुणाला वाटेल, आम्ही सिस्टरांच्या विरोधकांच्या रांगेत जाऊन बसलो. तसे मुळीच नाही. या विरोधकांचा हेतू आम्हाला पुरता ठाऊक आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी, नेमक्या नाताळच्या दिवशी, केंद्र सरकारने या संस्थेचा परदेशी देणग्यांचा परवाना नूतनीकरण करायला नकार दिला. जगभर बोंब झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तो परत दिला. मधल्या काळात ओडिशाच्या नवीन पटनायक सरकारला त्या राज्यातल्या सिस्टरांच्या घरांसाठी सुमारे ७९ लाख रुपये द्यावे लागले. त्याच डिसेंबरमध्ये बडोद्याच्या बालगृहावर धर्मांतराचा गुन्हा दाखल झाला. रांचीच्या घरातून मूल विकल्याचा २०१८ चा आरोप गंभीर आहे. त्यात जो दोषी ठरेल त्याला शिक्षा झाली पाहिजे, मग अंगावर साडी कोणत्याही काठाची असो. पण एका घरातल्या गुन्ह्यासाठी देशातली सगळी घरे पिंजून काढायची हा न्याय मठांना आणि आश्रमांना कधी लावला गेला?

२५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरांना पकडले गेले. त्या दुसऱ्या संस्थेच्या, पण कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठीच निघालेल्या संस्थेच्या. सोबत नारायणपूरच्या तीन सज्ञान आदिवासी मुली होत्या. बजरंग दलाने स्टेशनवर गोंधळ घातला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो सिस्टरांवर. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला. सज्ञान आदिवासी मुलीला कुठे काम करायचे हे ठरवण्याची अक्कल नाही, हे गृहीत धरूनच असे गुन्हे दाखल होतात. १९५६ साली नागपुरात आलेल्या आमच्या आजोबा-आजींबद्दलही 'यांना काय कळते' असेच म्हटले गेले होते.

आणि ज्यांना वाटते की धर्मांतरविरोधी कायदे फक्त पाद्र्यांसाठी आहेत, त्यांनी गुजरात सरकारचे एप्रिल २०२४ चे परिपत्रक वाचावे. बौद्ध धर्म हा वेगळा धर्म आहे, म्हणून हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल, असे त्यात स्पष्ट आहे. एरवी बुद्धाला विष्णूचा नववा अवतार म्हणणारे परवानगीच्या वेळी मात्र त्याला वेगळा मानतात! ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत बावीस प्रतिज्ञांच्या कार्यक्रमाला हजर राहिले म्हणून राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमून अशा कायद्याची वाट मोकळी करायला घेतली. १९७७ च्या स्टेनिस्लॉस निकालापासून या कायद्यांना न्यायालयाचा टेकू आहे. सिस्टरांच्या दारात आलेला फौजदार उद्या दीक्षा समारंभाच्या मंडपात येईल, कारण कलम तेच असणार आहे.

चर्चलाही आमचे दोन प्रश्न आहेत. पहिला जातीचा. १८९० च्या दशकापासून फ्रेंच मिशनरी फादर जाकिए यांनी औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगाव परिसरात काम केले. तिथे चर्चमध्ये आले ते बहुतांश महार आणि मांग. त्यांच्या घामावर मराठवाड्यातले कॅथलिक चर्च उभे राहिले, १९७७ साली औरंगाबादचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. चर्चमध्ये जात चालते हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात लिहून ठेवले होते. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी ते आपल्या धोरणपत्रात कागदावर मान्य केले डिसेंबर २०१६ मध्ये! पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पुला यांचे आम्ही स्वागतच करतो, पण इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर रोमने द्यावे.

दुसरा प्रश्न नांदेड-लातूरच्या पालकांच्या रोजच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' हा शब्द इतका रुळला की ज्या शाळेत एकही सिस्टर नाही तीही पाटीवर 'कॉन्व्हेंट' लिहिते. लातूर पॅटर्नच्या शर्यतीत उतरायचे तर पोराचा पाया इंग्रजीत पक्का हवा, असे रिक्षावाल्यालाही वाटते. मग तो कॉन्व्हेंटच्या दारात जातो. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, पण २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून पूर्ण सूट दिली. येशू गरिबांचा, शाळा मात्र फी भरणाऱ्यांची, असे चित्र त्यातून तयार झाले. मदर तेरेसांच्या सिस्टरांना हा दोष लागू नाही हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांचे चौथे व्रतच गरिबांतल्या गरिबाच्या विनामूल्य सेवेचे आहे, फीच्या शाळा हा त्यांचा धंदा नाही. पण बाकीच्या संस्थांचे काय? मिशनच्या शाळा-कॉलेजांचा लाभ सवर्णांनी उचलला आणि चर्चमधला गरीब अस्पृश्य तसाच राहिला, हे बाबासाहेबांचे निरीक्षण आजच्या प्रवेशाच्या यादीला लावून पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयाने भाग पाडण्याची वाट न पाहता मराठवाड्यातल्या कॉन्व्हेंटांनी आपणहून २५ टक्के जागा वस्तीतल्या लेकरांना द्याव्यात. अल्पसंख्याकांचा हक्क आम्हालाही प्यारा आहे, आम्ही स्वतः अल्पसंख्याक आहोत. पण त्या हक्काच्या आडून गरिबाला दार बंद करू नये.

आरक्षणाबाबत आमच्यातल्या काहींची भीती आम्हाला ठाऊक आहे. ख्रिस्ती दलित आले तर आमचा वाटा घटेल, असे ते म्हणतात. वाटा घटू नये यासाठी लढू, लोकसंख्येच्या प्रमाणात टक्का वाढवून घेऊ. पण चौतीस वर्षे ज्या परिच्छेदाखाली आम्ही चिरडलो गेलो, तोच परिच्छेद दुसऱ्याच्या मानेवर राहावा म्हणून आम्ही वकिली करावी, हे बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही.

राहता राहिला आमच्या घरचा प्रश्न. नांदेड जिल्ह्यात दाभडच्या बावरीनगर महाविहारात दरवर्षी जानेवारीत धम्म परिषद भरते, मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, देणगीही देतात. वस्तीवस्तीत विहारांना संगमरवर लागतो, जयंतीला डीजेवर लाखाचा चुराडा होतो. त्याच वस्तीत अर्धांगवायूने आडवा झालेला, नामांतराच्या लढ्यात डोके फोडून घेतलेला म्हातारा कार्यकर्ता अंथरुणावर पडून असतो आणि त्याची सून एकटी त्याचे करते. त्याच्याकडे कोण जाते? आमच्यात नर्सिंग शिकलेल्या मुली आज शेकडोंनी आहेत. नोकरीवरून निवृत्त झालेले शिक्षक, तलाठी, बँकेचे अधिकारी आहेत. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने वसतिगृहे चालवून दाखवली आहेत, म्हणजे हे अशक्य आहे असेही नाही. पुढच्या बावरीनगर परिषदेत भाषणांचा एक तास कमी करून या विषयावर ठराव यावा, अशी आमची सूचना आहे. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत प्रत्येकी एका विहारात दोन खोल्या, चार खाटा, पगारी नर्स आणि आळीपाळीने येणारे दहा कार्यकर्ते. सोबत आठवड्यातून एक दिवस वकील, जो पेन्शनचा, जातपडताळणीचा, ॲट्रॉसिटीचा कागद फुकट लिहून देईल. खर्चाचा अंदाज काढून तो परिषदेच्या आधी याच पानावर आम्ही देऊ, आणि ज्या विहार समित्या जागा द्यायला तयार असतील त्यांनी महिनाभरात कळवावे.